समुद्रतळ कुणाचा? एका प्रेक्षकाचा प्रश्न

दूरचित्रवाणीवरील मालिकांविषयी ह्या पृष्ठावर काही लिहावे, असे मला आजवर कधी वाटले नव्हते. महागाई, बेकारी, कंत्राटी कामगारांची पिळवणूक आणि शेतमालाचे कोसळणारे भाव हे विषय समोर असताना एका परकीय वैज्ञानिक कल्पितकथेवर जागा खर्च करणे ही निवृत्त प्राध्यापकाची चैन आहे, असा आक्षेप काही कार्यकर्ते घेतील. तो मला मान्य आहे. तरीही मी हा लेख लिहीत आहे, कारण ह्या मालिकेच्या निमित्ताने आमच्या तळेगावातील एका साध्या प्रेक्षकाने असा प्रश्न विचारला की, चाळीस वर्षे अर्थशास्त्र शिकवूनही मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याने अमेरिकेहून येताना ‘सीक्वेस्ट डीएसव्ही’ ह्या जुन्या मालिकेच्या तबकड्यांचा संच आणला. ही मालिका अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर सप्टेंबर १९९३ मध्ये सुरू झाली. स्टीव्हन स्पीलबर्ग ह्यांच्या संस्थेचा निर्मितीत सहभाग होता आणि रॉय शायडर हे नावाजलेले नट तिच्यात पाणबुडीच्या कप्तानाच्या भूमिकेत होते. कथेचा काळ २०१८ हा धरलेला. जमिनीवरील साधनसंपत्ती संपत आली आहे, म्हणून मानवाने समुद्राच्या तळाशी खाणी, शेती आणि वसाहती उभारल्या आहेत. त्यांच्यावरून राष्ट्रे आणि कंपन्या एकमेकांच्या उरावर बसू नयेत म्हणून एक जागतिक संघटना स्थापन झाली आहे. आणि तिच्या वतीने ही अजस्र पाणबुडी सागरतळाशी गस्त घालते, असे तिचे सूत्र. २०१८ हे साल मागे पडून आता बरीच वर्षे झाली. समुद्राच्या तळाशी कोणतीही नगरे वसलेली नाहीत. परंतु त्या तळाची वाटणी मात्र खरोखरच सुरू झालेली आहे. त्याकडे पुढे वळेन.

आमच्या पडवीत शनिवारच्या संध्याकाळी पाचसहा मंडळी जमत. संवाद इंग्रजी असल्यामुळे दर थोड्या वेळाने चित्र थांबवून मी मराठीत सांगत असे. ‘सर, त्यांच्या बोलण्यापेक्षा तुमचे भाष्यच लांबते आहे,’ असे शेजारच्या शिक्षिकाबाईंनी एकदा बजावलेही. मते निरनिराळी पडली. बाईंना बोलणारा डॉल्फिन आवडला. मुलांना समुद्र शिकवायला असे चित्रण हवे, असे त्यांचे म्हणणे. कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना पाणबुडीतील शिस्त पटली, पण त्यांनी विचारले, ‘एवढी मोठी बोट चालते, पण तिच्यात खाली इंजिनावर राबणारा माणूस दिसत कसा नाही? सगळे अधिकारीच!’ महाविद्यालयात शिकणारा एक तरुण यंत्रांच्या करामतींवर खूष होता आणि त्या आज जुनाट वाटतात म्हणून थोडा खट्टूही होता.

पाचव्या किंवा सहाव्या बैठकीला पवना खोऱ्यातील एक वृद्ध गृहस्थ आले होते. धरणात त्यांचे घर आणि शेत गेले, तेव्हा ते शाळकरी मुलगा होते. ते सबंध भाग गप्प बसून पाहत राहिले. शेवटी म्हणाले, ‘सर, पाण्याखाली गाव वसवायचे म्हणतात, ते ठीक. पण ते पाणी आधी कुणाचे होते, हे ह्यांच्यात कुणी विचारत नाही. आमच्याकडेही कुणी विचारले नव्हते. आम्ही तर उलटे केले. आधी गाव होते, मग ते पाण्याखाली घातले.’

कुणीही हसले नाही. वीज गेल्यावर पसरते तशी शांतता पसरली.

मावळच्या माणसाला हा प्रश्न सुचावा, हे योगायोगाने घडलेले नाही. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात वळवण, शिरवता ही धरणे बांधली. त्यानंतर आंदर मावळात ठोकरवाडीचे धरण झाले. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली सेनापती बापट ह्यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरणग्रस्तांचा हा लढा जगातील अशा पहिल्या लढ्यांपैकी एक गणला जातो. लढा झाला, तुरुंगवास झाला, आणि धरणही झाले. स्वातंत्र्यानंतर १९७० च्या दशकाच्या प्रारंभी पवनेचे पाणी अडले. ह्या वेळी मालक परकीय सरकार नव्हते, आपलेच होते. उन्हाळ्यात जलाशय आटला की वाघेश्वराचे प्राचीन मंदिर पाण्यातून वर येते आणि पर्यटक त्याची छायाचित्रे काढून परततात. ज्यांची घरे त्या पाण्याखाली गेली, त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न मात्र अर्धशतक उलटूनही पुरता मिटलेला नाही. आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी, पवनेचे पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध द्रुतगती मार्गावर बऊरजवळ जमलेल्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तिघांचे प्राण गेले; त्यांच्यापैकी एक स्त्री होती. क्रांतिदिनीच हे घडावे, ह्यापरते दुर्दैव कोणते?

येथे मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या तळेगावच्या नळांनाही पवनेचे पाणी येते. आमच्या पडवीत त्या गृहस्थांपुढे ठेवलेल्या तांब्यात बहुधा तेच होते.

कॅल्डॉर आणि हिक्स ह्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९३९ साली मांडलेली एक कसोटी मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो. एखाद्या योजनेत ज्यांचा लाभ होतो, त्यांचा लाभ इतका मोठा असेल की ज्यांचे नुकसान झाले त्यांना पूर्ण भरपाई देऊनही तो उरेल, तर ती योजना समाजाच्या हिताची समजावी, असे ती कसोटी सांगते. युक्तिवाद सुबक आहे. परंतु तिची मेख अशी की, भरपाई देता येणे शक्य असले म्हणजे पुरे. ती प्रत्यक्ष दिलीच पाहिजे, अशी अट नाही. पवना धरण ह्या कसोटीवर सहज उत्तीर्ण होते. पिंपरी-चिंचवडचे कारखाने, लाखोंची वस्ती, वाढलेले उत्पादन हे सारे जमेच्या बाजूला आहे. खर्चाच्या बाजूला असलेला माणूस पन्नास वर्षे कचेरीच्या पायऱ्या झिजवतो आहे. गणित बरोबर आहे, आणि अन्यायही शाबूत आहे.

आता समुद्राकडे वळू. १ नोव्हेंबर १९६७ रोजी माल्टाचे प्रतिनिधी अर्विद पार्दो ह्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात असा विचार मांडला की, राष्ट्रांच्या हद्दीपलीकडचा सागरतळ हा अवघ्या मानवजातीचा सामाईक वारसा मानावा. तो कुणीही बळकावू नये आणि त्याच्या लाभात गरीब राष्ट्रांना आधी वाटा मिळावा. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात हे तत्त्व समाविष्ट झाले. श्रीमंत राष्ट्रांना ते रुचले नाही. १९९४ साली करार अमलात येण्यापूर्वी एक पुरवणी करार करून त्यातील समतेच्या तरतुदी बऱ्याच बोथट करण्यात आल्या. तरीही मूळ तत्त्व टिकले आणि त्याच्या रक्षणासाठी जमैकातील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय सागरतळ प्राधिकरण उभे राहिले. अमेरिकेने ह्या कराराला आजतागायत मान्यता दिलेली नाही. आणि एप्रिल २०२५ मध्ये तिच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या प्राधिकरणाला डावलून खोल समुद्रातील खनिजे काढण्याचा मार्ग मोकळा करणारा आदेश काढला. मालिकेतल्या जागतिक संघटनेपाशी निदान एक पाणबुडी होती. खऱ्या संघटनेपाशी तेवढेही नाही.

आमच्या पडवीतील तरुणाचा मुद्दा असा होता की, आपण मागे राहिलो तर चीन सगळे घेऊन जाईल. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. भारत ह्या क्षेत्रात नवखा नाही. ‘गवेषणी’ ह्या आपल्या संशोधन नौकेने १९८१ च्या जानेवारीत समुद्रतळावरील धातूंचे गोळे वर आणले. १९८७ साली भारताला ‘अग्रणी गुंतवणूकदार’ म्हणून सर्वांआधी मान्यता मिळाली. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्याकडे संशोधनासाठी आहे. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारे ‘मत्स्य’ हे यान आपले शास्त्रज्ञ तयार करीत आहेत. गोव्याच्या दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत झालेल्या कामाचा कुणालाही अभिमानच वाटावा. विज्ञानाला आपला विरोध नाही, आणि नसावा.

परंतु जाणून घेणे वेगळे आणि ओरबाडणे वेगळे. हे धातूचे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढेच वाढतात. प्रशांत महासागरात १९७९ साली खाणकामाचे एक यंत्र प्रयोगादाखल तळावरून फिरवले होते. त्याच्या चाकोऱ्या चार दशकांनंतरही तशाच दिसतात. तीसहून अधिक राष्ट्रे आज म्हणत आहेत की, पुरेसे कळेपर्यंत हे काम थांबवा. आणि आपल्याकडे काय घडले? किनाऱ्यालगतच्या समुद्रातील खनिजांविषयीचा २००२ चा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये बदलण्यात आला आणि लिलावाची पद्धत आली. संसदेत त्या वेळी गदारोळ चालू होता. विधेयकावर म्हणावी तशी चर्चा झाली नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पहिले तेरा पट्टे लिलावास निघाले. केरळजवळची वाळू, गुजरातजवळचा चुन्याचा गाळ आणि ग्रेट निकोबारजवळचे धातूंचे गोळे त्यांत होते. केरळातील मच्छीमार त्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. महाराष्ट्रातील किती वाचकांनी ह्याविषयी ऐकले असेल? उद्या ही पाळी कोकणच्या किनाऱ्यावर आली, तर तेथील कोळ्याची संमती कुठल्या कागदावर घेतली जाणार आहे? समुद्राला सातबारा नसतो. ज्याच्या नावे सातबारा होता, त्या मावळच्या शेतकऱ्याची गत आपण पाहिली. ज्याच्या नावे काहीच नाही, त्याचे काय होईल?

येथे प्रेक्षकाच्या मताचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मूळ मालिकेची कथा ह्या बाबतीत उद्बोधक आहे. पहिल्या वर्षी टायटॅनिकचे अवशेष शोधणाऱ्या पथकाचे नेते, समुद्रशास्त्रज्ञ रॉबर्ट बॅलर्ड तिचे सल्लागार होते आणि भागाच्या अखेरीस ते खऱ्या समुद्राविषयी दोन शब्द सांगत. पण प्रेक्षकसंख्या घटली. तेव्हा शास्त्रज्ञ गेले, राक्षसी प्राणी आणि परग्रहवासी आले. खुद्द शायडर ह्यांनी त्याविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. तरीही संख्या सावरली नाही आणि १९९६ साली मालिका बंद पडली. ही संख्या कोठून येते? काही हजार निवडक घरांत बसवलेल्या मापकयंत्रांतून. संच चालू होता की बंद, त्यावर कोणती वाहिनी लागली होती आणि ती कोण पाहत होते, एवढेच ते यंत्र सांगते. पाहणाऱ्याच्या मनात काय आले, ते त्याला कळत नाही. कॅनडाचे डॅलस स्माइथ ह्यांनी १९७७ साली दाखवून दिले की, जाहिरातींवर चालणाऱ्या माध्यमात खरा विक्रीचा माल कार्यक्रम नसतो, प्रेक्षक असतो. तोच जाहिरातदाराला विकला जातो. आपल्याकडील वाहिन्यांचा व्यवहारही ह्याहून निराळा नाही.

पवनेच्या त्या गृहस्थांचे मत कोणत्याही मापकयंत्रात नोंदले गेले नसते. धरण बांधताना ते नोंदले गेले नाही, आणि समुद्राच्या लिलावातही त्याला रकाना नाही. मोजण्याजोगे तेवढेच मत, ही बाजाराची व्याख्या आहे. लोकशाहीची व्याख्या तीच होऊ लागली, तर निवडणुका होत राहतील आणि माणसे मात्र खर्चाच्या बाजूलाच राहतील.

आमच्या तळेगावात १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे ह्यांनी गावोगाव फिरून सामान्य माणसाकडून एकेक पैसा गोळा केला होता. ज्याचा पैसा, त्याचा उद्योग, ही साधी कल्पना त्यामागे होती. सामाईक मालकी हा शब्द परक्या ग्रंथांतून आपल्याकडे आला, असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट आठवावी.

कार्यकर्त्यांना माझे सांगणे एवढेच आहे. किनाऱ्यावर काम करणाऱ्यांनी मच्छीमारांच्या सोसायट्यांपर्यंत २०२३ चा कायदा मराठीत पोचवावा. ग्रामसभांत त्याचे वाचन करावे. लिलावापूर्वी जनसुनावणी आणि तोट्यात जाणाऱ्यांना काम सुरू होण्याआधी भरपाई, ह्या दोन मागण्या लेखी नोंदवाव्यात. पवनेच्या धरणग्रस्तांचा प्रश्न सुटल्याशिवाय खोऱ्यातील पाण्याच्या नव्या योजनेला आपण संमती देऊ नये. ह्यात माझ्यासारखे नळाचे पाणी पिणारेही आले. आणि जमल्यास शनिवारच्या संध्याकाळी पाचसहा माणसे एकत्र बसवून काहीतरी पाहावे, वाचावे आणि मग त्यांना बोलू द्यावे. भाषण आपण करू नये.

ते गृहस्थ त्यानंतरही दोनदा आले. मालिका कशी वाटली, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, ‘बोट चांगली आहे. पण सर, आमच्या अर्जाचे तेवढे बघा.’ तो अर्ज आता माझ्या टेबलावर आहे. पुढल्या सोमवारी आम्ही दोघे तो घेऊन कचेरीत जाणार आहोत.