रक्तातला आकडा आणि आईवरचा ठपका

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा स्नायू झिजवणारा आजार जवळजवळ नेहमी मुलग्यांनाच होतो. ठपका मात्र आईवर येतो. तीन-चार वर्षांचं पोर सारखं पडतं, उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकतं. तपासणीत ‘सीपीके’चा आकडा हजारोंत निघतो आणि घरात सुरू होतं, ‘हे तुझ्याच रक्तातून आलं.’

हा आकडा काय सांगतो, ते आपण कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवं. सीपीके हे स्नायूंमधलं एन्झाइम. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन नसलं की स्नायूपेशींचं आवरण फाटतं आणि एन्झाइम रक्तात झिरपतं. एरवी साधारण २०० च्या आसपास असणारा आकडा १०-२० हजारांवर जातो. पुढे झिरपायला स्नायूच उरत नाहीत, तेव्हा तो उतरतो. तो गुण नव्हे, हे घरच्यांना वेळीच सांगावं.

आता आईबद्दल. हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो. पण सुमारे एक तृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवतो, आईत नसतोच. असला, तरी तो तिचा गुन्हा कसा? आणि आईचं सीपीके तपासून निवाडा करता येत नाही, कारण दोष वाहणाऱ्या कित्येक बायकांचा आकडा नेहमीसारखाच येतो. त्यासाठी जनुक-तपासणीच लागते.

बीडमध्ये याला ऊसतोडीची जोड आहे. चाल गेलेल्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला फडावर कसं न्यायचं? आई मागे राहिली तर जोडीचा अर्धा कोयता होतो, उचल मात्र फेडावीच लागते. त्याला उचलणं, कुशीवर वळवणं, शौचाला नेणं तिच्याच अंगावर. या कामाची मजुरी कुणीच धरत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हा आजार आहे. प्रमाणपत्र हा मुलाचा हक्क आहे. आपण आणखी मागू या: जिल्ह्यातून जनुक-तपासणीचा नमुना मोफत पाठवण्याची सोय, सांभाळणाऱ्या बाईला भत्ता, आणि समुपदेशनाला नवरा-सासूही हजर. मुलाच्या बहिणीची तपासणी ती सज्ञान झाल्यावर, तिच्या संमतीनेच व्हावी. तो कागद तिच्या हातात राहावा, सोयरिकीच्या बैठकीत फिरू नये. २०११ च्या जनगणनेत हजार मुलग्यांमागे ८०७ मुली उरलेल्या या जिल्ह्यात मुलीला नाकारायला आणखी एक कारण आपण देता कामा नये.