चित्रसंकोचनास खास यंत्र हवें काय ?

संगणकांत महागडें ग्राफिक्स कार्ड बसविलें कीं छायाचित्रें लहान करण्याचें काम चुटकीसरशीं होतें, असा समज हल्लीं विद्यार्थिवर्गांत रूढ आहे. आणि त्याच्या जोरावर पालकांच्या खिशास हात घालण्यांत येतो. बुरूज बांधण्यापूर्वीं खालीं बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्या मनुष्याचा दाखला आमच्या वाचकांस परिचित आहेच. तोच हिशेब येथें करून पाहावा.

जेपेग ही सर्वपरिचित पद्धति १९९२ सालीं प्रमाण ठरली. तींत चित्राचे ६४ बिंदूंचे चौकोन पाडून प्रत्येकावर एक गणिती संस्कार करतात. (हा संस्कार १९७४ सालीं प्रसिद्ध करणाऱ्या तिघांपैकीं नसीर अहमद यांचा जन्म बंगळूरचा, हें आमच्या मुलांस ठाऊक असावें.) एका चौकोनाचें गणित दुसऱ्यावर अवलंबून नसतें. वर्गांतील चाळीस मुलांस चाळीस उदाहरणें वाटून द्यावीं, तसें हें काम; येथें कार्डाची बरोबरी कोणी करूं शकत नाहीं.

परंतु पुढची पायरी निराळी. आलेल्या आंकड्यांस हफमन यांच्या १९५२ च्या पद्धतीनें कमीअधिक लांबीच्या संज्ञा देऊन त्या मध्यें जागा न सोडतां एकापुढें एक मांडावयाच्या असतात. चित्र उलगडतांना मागील संज्ञा वाचल्यावांचून पुढील कोठें सुरू होते हें कळत नाहीं. मुलें चाळीस असलीं, तरी वाचणारा एकच ! मध्यें खुणेचे थांबे घालण्याची सोय प्रमाणांत आहे खरी, पण सर्वच चित्रांत ते घातलेले नसतात.

समजा, दहा सेकंदांच्या कामांत सहा सेकंदांचें काम वाटून देण्याजोगें आहे. त्या सहांचें शून्य झालें तरी चार उरतातच. वेग अडीचपटीपलीकडे जात नाहीं. जीन आम्डाल यांनीं १९६७ सालीं मांडलेला मुद्दा तो हाच. शिवाय चित्र मुख्य स्मृतींतून कार्डाच्या स्मृतींत नेण्याआणण्याचा वेळ वेगळा. चित्र लहान असल्यास त्यांतच नफा आटतो.

खास यंत्रें निरुपयोगी, असें आमचें म्हणणें नाहीं. कॅमेऱ्यांत या कामापुरतें स्वतंत्र विद्युन्मंडल असतें, म्हणून तर भराभर चित्रें घेतां येतात. एन्व्हिडिआनें २०२० सालच्या आपल्या ए-१०० या चिपेंत जेपेग उलगडण्यापुरताच एक भाग बसविला. पण तो यंत्रांस शिकविण्यासाठीं चित्रांचे ढीग उपसणाऱ्यांकरितां. घरीं मात्र लिबजेपेग-टर्बो ही फुकट मिळणारी आज्ञावली साध्या प्रक्रियकाकडूनच एका आज्ञेंत अनेक आंकड्यांवर काम करून घेते, आणि जुन्या आज्ञावलीच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वेग देते, असें तिचे कर्ते सांगतात.

कार्ड खेळांसाठीं हवें असेल, तर तसें सरळ म्हणावें. चित्रांच्या नांवावर मागूं नये. आणि खरोखरच चित्रांसाठीं हवें असेल, तर पालकांनीं मुलास अथवा मुलीस आहे त्या संगणकावर शंभर छायाचित्रें लहान करावयास सांगावीं, व घड्याळ लावून लागलेला वेळ वहींत लिहून आणावयास सांगावा.