एका मदरबोर्डची सोयरीक

संपादकांचा निरोप आला म्हणजे दिवाळी जवळ आली, असे आमच्या घरात समजतात. ‘सदर नेहमीप्रमाणे घरगुतीच असू द्या,’ हे वाक्य त्या निरोपात दर वर्षी असते. यंदा मला घरगुती विषय शोधावा लागला नाही. मे महिन्यात तो आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन दिवस पसरलेला होता, आणि ते दोन दिवस आम्ही तिघांनी ताटे मांडीवर घेऊन जेवणे उरकली.

त्याचे असे झाले. आमचे चिरंजीव बारावीच्या परीक्षेतून मोकळे झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपला संकल्प जाहीर केला. त्यांना खेळांसाठी ताकदवान संगणक हवा होता. आणि तो आयता नको, सुटे भाग आणून घरी जुळवलेला हवा होता. पैशांची तरतूदही तयार होती. आजीने वेळोवेळी दिलेले, वाढदिवसांचे, आणि शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवून मिळालेले. ‘‘उरलेले तुम्ही द्यायचे, बाबा.’’ उरलेले म्हणजे निम्म्याहून अधिक होते, हे ओघाने आलेच.

‘‘आयता का नाही घेत?’’ सौ. म्हणाली. ‘‘हमी तरी मिळते. बिघडला तर दुकानदाराच्या दारात नेऊन ठेवता येतो.’’ ती बँकेत नोकरी करते. हमी या शब्दाचे वजन तिला आमच्यापेक्षा अधिक कळते.

मी मात्र होकार दिला, आणि उत्तरपत्रिका तपासून मिळालेले मानधन त्यात घातले. कारण खरे सांगायचे तर वेगळेच होते. गेले वर्षभर आमच्या दोघांतले संभाषण ‘जेवलास का?’ आणि ‘हो’ एवढ्यावर येऊन थांबले होते. पोरगा आपण होऊन एका विषयावर पाऊण तास बोलत होता. तो विषय मला कळत नाही, ही अडचण त्या मानाने किरकोळ होती.

त्याने केलेली यादी मी मागून घेतली. ग्राफिक्स कार्डाला तीन ओळी, प्रोसेसरला दोन, काचेच्या कॅबिनेटला एक, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात ‘मदरबोर्ड – कोणताही’. मी पडलो भाषेचा माणूस. ज्याला ‘मदर’ म्हणायचे त्याच्यापुढे ‘कोणताही’ हे विशेषण पाहून मी थबकलो. (मराठीत आल्यावर ही मदर पुल्लिंगी झाली आहे, हे जाता जाता नमूद करतो. बोर्ड हा ‘तो’, म्हणून मदरबोर्डही ‘तो’. इंग्रजीत तिच्यावर खोचल्या जाणाऱ्या छोट्या फलकांना डॉटरबोर्ड म्हणतात. आमची आईच पुल्लिंगी झाल्यावर या कन्यांचे काय करावे, हा प्रश्न मी व्याकरणाच्या विद्यार्थ्यांवर सोडतो.)

मग मी आठ दिवस वाचन केले. मदरबोर्ड म्हणजे वीतभराहून थोडा मोठा फलक. प्रोसेसर, स्मृती, साठवण, ग्राफिक्स कार्ड यांचे एकमेकांशी बोलणे त्याच्या पोटातल्या तांब्याच्या वाटांवरून चालते. खेळातले चित्र तो स्वतः काही वेगाने पळवीत नाही. म्हणून मुलांना त्याचे कौतुक नसते. पण घरात कोण सामावेल आणि कोण नाही, हे तोच ठरवतो.

ही सगळी भानगड लग्न जुळवण्याची आहे, हे लक्षात आल्यावर माझी भीड चेपली. पहिली गोष्ट सॉकेट. प्रोसेसर ज्या चौकोनी जागेत बसतो ते सॉकेट म्हणजे गोत्र समजा. फरक इतकाच की, लग्नात सगोत्र चालत नाही आणि इथे सगोत्रच लागते. एएमडीचा प्रोसेसर इंटेलच्या सॉकेटात जन्मात बसणार नाही. एवढेच काय, एकाच घराण्याच्या दोन पिढ्यांचेही पटेलच असे नाही. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट २०२१ साली आले, आणि २०२४ साली त्याच्या जागी एलजीए १८५१ आले. उलट, एएमडीच्या एएम फोर सॉकेटचे २०१७ साली घेतलेले पुष्कळ फलक असे निघाले की, त्यांवर २०२२ सालचा प्रोसेसरसुद्धा बायोस ताजे केल्यावर सुखाने नांदला. एएम फाइव्ह हे पुढचे सॉकेट २०२२ साली निघाले आणि निदान २०२७ पर्यंत ते चालू ठेवू, असे कंपनीने सांगितले आहे. चार वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून भागावे, अशी ज्या बापाची इच्छा असेल त्याने कुठे बघावे, हे मला तेथेच कळले.

दुसरी गोष्ट स्मृतीची. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ या दोन्ही पट्ट्या दुरून सारख्याच दिसतात, पण त्यांची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. तिसरी गोष्ट आकाराची, म्हणजे कॅबिनेटात मावण्याची. मोठा एटीएक्स फलक ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, आणि मायक्रो एटीएक्स दोन्हीकडून २४४.

चौथा गुण मात्र यादीत कुणी लिहीत नाही आणि माझ्या मते तोच मोठा. वीजपेटीतून बारा व्होल्ट येतात आणि प्रोसेसरला लागतो जेमतेम सव्वा व्होल्ट. ही उतरंड मदरबोर्डवरच होते आणि ती होताना उष्णता निघते. ती वाहून नेण्यासाठी सॉकेटच्या कडेला ॲल्युमिनियमचे ठोकळे बसवलेले असतात. स्वस्त फलकांत ते कधी एकाच बाजूला असतात, कधी अजिबात नसतात. ज्या गावी मे महिन्यात माणूसच पंख्याखाली वितळतो, त्या गावी हे ठोकळे पाहून घ्यावेत. चिरंजीवांना ठोकळ्यांपेक्षा इंद्रधनुषी दिवे अधिक प्रिय होते. त्यावरून आमचे दोन संध्याकाळी वाजले. पण ते वाजणेही वर्षभरातल्या शांततेपेक्षा मला गोड वाटले, हे मी त्याला सांगितले नाही.

पुढच्या शनिवारी आम्ही वांद्र्याहून धिमी गाडी पकडून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचे नाव कधीच बदलून डॉ. भडकमकर मार्ग झाले, पण संगणकाचे भाग घेणारा कोणीही ते नाव घेत नाही. लॉर्ड लॅमिंग्टन १९०७ साली गव्हर्नरकी सोडून गेला; त्याच्या नावावर अजून ग्राफिक्स कार्डे खपताहेत. माझे वडील याच रस्त्यावर ट्रान्झिस्टरचे भाग घ्यायला येत आणि जाता जाता मिनर्व्हा थिएटरवरची ‘शोले’ची पाटी बघून परत फिरत. पाच वर्षे ती पाटी हलली नाही म्हणतात. त्यामुळे तिकीट मिळाले नाही ही सबब त्यांना फार काळ पुरली असणार.

चौथ्या दुकानात आमचे जमले. मायक्रो एटीएक्स, बी ६५० जातीचा, दोन्ही बाजूंना ठोकळे असलेला, दिवे नसलेला फलक. साडेबारा हजार रुपये. दुकानदाराने पैसे घेण्याआधी खोके उघडले, सॉकेटवरचे प्लॅस्टिकचे झाकण काढले आणि मोबाइलच्या उजेडात आत दाखवले. ‘‘सर, पिन अभी देख लो. बाद में मुडी हुई पिन वारंटी में नहीं आती.’’ आत केसाएवढ्या सोनेरी पिनांचे शेत उभे होते. मोजून १७१८. पूर्वीच्या एएम फोरमध्ये पिना प्रोसेसरला असत, आता त्या फलकावर आल्या आहेत. म्हणजे वाकण्याचा धोकाही फलकाकडे आला. येताना गाडीत ते खोके चिरंजीवांनी तान्ह्या बाळासारखे मांडीवर घेतले आणि माहीमपासून पुढे एका शब्दानेही बोलले नाहीत.

शेजारच्या आजोबांनी जिन्यातच विचारले, ‘‘घरी जुळवणार? जमेल?’’ मी त्यांना सांगितले की, या मुंबईत संगणक जुळवण्याची हौस आजची नाही. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मंडळींनी आपला संगणक येथेच उभा करून १९६० साली चालू केला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नाव ठेवले. आजोबा म्हणाले, ‘‘ते शास्त्रज्ञ होते हो.’’ या उत्तरावर मजपाशी उत्तर नव्हते.

रविवारी सकाळी टेबल पुसून फलक त्याच्याच खोक्यावर ठेवला. चिरंजीवांनी आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला. अंगातली स्थिर वीज उतरवायची असते. आमच्या वांद्र्याच्या दमट हवेत तिचा त्रास कमी, पण दमटपणाचा दुसरा त्रास मोठा. पोर वाकले की कपाळावरचा घाम थेट सॉकेटच्या दिशेने निघे. शेवटी माझी नेमणूक पंचा घेऊन कपाळ टिपण्याकडे झाली, आणि एका डोळ्याने मी खोक्यातल्या वस्तू आवरू लागलो. स्मृतीच्या खाचांवर कसली तरी छापील चिठ्ठी चिकटवली होती. ती सोलून मी केराच्या टोपलीत टाकली. या चिठ्ठीकडे पुढे यायचे आहे.

प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून तो अलगद सोडायचा, दाबायचा नाही. दाबायचा असतो तो कडेचा दांडा, आणि तो दाबताना जो करकर आवाज होतो तो ऐकून सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. ‘‘काय मोडलं?’’ काही मोडले नव्हते. स्मृतीच्या पट्ट्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन्ही टोकांना ‘टक्’ होईपर्यंत. मग मागच्या बाजूची पत्र्याची चौकट आणि मग फलक कॅबिनेटात.

येथे मी उपयोगी पडलो. कॅबिनेटच्या पाठीवर पितळेचे छोटे पाय असतात, त्यांना दुकानात स्टँडऑफ म्हणतात. फलक त्यांवर टेकतो, पत्र्याला लागत नाही. मात्रा मोजण्यात जन्म गेलेला माणूस मी, सवयीने मोजले. पाय नऊ आणि फलकाला भोके आठ. नववा पाय मोठ्या फलकासाठी आधीच बसवलेला होता आणि आमच्या फलकाच्या पोटाखाली, जिथे भोक नाही तिथे, टेकणार होता. तसाच राहता तर मागच्या जोडण्यांना चिकटून शॉर्ट झाला असता. चिरंजीवांनी तो काढला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘बाबा, भारी.’’ वर्षभरातली ही सर्वांत मोठी पदवी होती.

पदवी दुपारी तीनपर्यंत टिकली. तारा जोडल्या, बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळा. एक मिनिट, दीड मिनिट, काळाच. फलकाच्या कोपऱ्यात चार बारीक दिवे असतात. त्यांतला स्मृतीचा पेटून राहिला होता. पडद्याची तार ग्राफिक्स कार्डाला आहे की फलकाला, हे पाहिले. ती बरोबर होती. दोन मिनिटे झाली आणि माझ्या डोळ्यांपुढे साडेबारा हजार, पिनांचे शेत आणि मानधनाच्या उत्तरपत्रिका एकदम येऊन गेल्या. काही जळण्याआधी थांबवावे म्हणून मी भिंतीवरचे बटण बंद केले.

‘‘बाबा!’’ पोराचा आवाज चिरकला. ‘‘कशाला बंद केलंत? तुम्हाला कुणी सांगितलं होतं?’’ मी काही बोललो नाही. तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. पुढचा अर्धा तास आमच्या घरात फक्त फ्रिज बोलत होता.

सौ.ने चहा केला आणि कपाखाली ठेवायला काही मिळेना म्हणून टोपलीतून तो कागद उचलला. ‘‘हे यंत्राबरोबरचंच आहे का हो?’’ तिने वाचून दाखवले. प्रथमच चालू करताना स्मृतीची ओळख पटायला काही मिनिटे लागतात. तोवर पडदा काळा राहील. वीज बंद करू नये. डीडीआर ५ ची ही रीतच आहे. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने न वाचता फेकलेला तेवढा एकच मजकूर होता.

मी तो कागद घेऊन गॅलरीत गेलो आणि त्याच्या हातात दिला. त्याने वाचला. मग म्हणाला, ‘‘मी पण सोलताना पाहिलं होतं. मीही नाही वाचलं.’’

पुन्हा बटण दाबले आणि तिघेही चहा घेऊन काळ्या पडद्यासमोर बसलो. घड्याळाकडे पाहायचे नाही असे ठरले होते; सगळे पाहत होतो. चौथे मिनिट चालू असताना स्मृतीचा दिवा विझला, पुढचे दोन लुकलुकले आणि पडद्यावर प्रोसेसरचे नाव आले. त्या संध्याकाळी मलाही खेळायला बसवण्यात आले. मी अकरा सेकंद जिवंत होतो.

ऑगस्टमध्ये चिरंजीव पुण्याला वसतिगृहात गेले. संगणक काही तिथे नेता आला नाही. तो येथेच, माझ्या टेबलावर आहे. आता रात्री फोन येतो तो असा: ‘‘बाबा, नवीन बायोस आलंय. पेनड्राइव्ह घ्या. मध्ये दिवे गेले तर मात्र पंचाईत, तेव्हा पाऊस थांबल्यावर करा.’’ मी करतो, काय दिसते ते वाचून दाखवतो, तो पुढचे सांगतो. ‘जेवलास का’ विचारायचे राहून गेले हे फोन ठेवल्यावर आठवते.

फलकावर साठवणीची दुसरी खाच रिकामी आहे. तिच्यासाठी गेल्या आठवड्यात मी एकटाच ग्रँट रोडला जाऊन एक चिप घेऊन आलो. दुकानदाराने ओळखले, पोरगा कुठे म्हणून विचारलेही. चिप कपाटात आहे, पाकीट फोडलेले नाही. पण त्यातली घडी केलेली चिठ्ठी दिसते, तेवढी मी बाहेरूनच वाचायचा प्रयत्न केला. वसुबारसेला तो येतो आहे.