जोर-बैठकांचीही वही ठेवा



गायीच्या दुधाची नोंद ठेवा, असे मी नेहमी सांगतो. आज अंगातल्या ताकदीची नोंद ठेवा, असे सांगणार आहे.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते व ७.२६० किलोचा गोळा फेकावा लागतो. मुलींना ८०० मीटर व ४ किलो. तारीख जवळ आली की एकदम दोनशे बैठका मारून गुडघा धरून बसलेली मुले मी पाहिली आहेत. सारी मेहनत वाया जाते.

म्हणून एक साधी वही घ्या. तारीख, जोर, बैठका, धावण्याची वेळ आणि शेरा असे रकाने पाडा. शेऱ्यात झोप, दुखणे व त्या दिवसाचे शेतकाम लिहा. आकडा खराच लिहा. रात्री पिकाला पाणी भरले, तर दुसऱ्या दिवशी तो उतरणारच. आठवडाभर ४० बैठका सहज निघाल्या, तर पुढे ४४ करा. स्नायू मेहनतीने थकतो, विश्रांतीत भरतो. सलग तीन दिवस आकडा घसरला, तर एक दिवस सुट्टी घ्या. सांधा दुखतच राहिला, तर डॉक्टरांना दाखवा.

आपल्या सोनगीरचा तांबट एका घावात घागर घडवीत नाही. ठोक्यावर ठोका पडतो, तेव्हा तिला आकार येतो. आजच पहिले पान लिहा.