सायकल फाटकाच्या आत

पुण्यातल्या कुठल्याही मोठ्या गृहनिर्माण संस्थेच्या वाहनतळावर एक चक्कर मारून या. मोटारी आणि स्कूटरींच्या मागे, जिन्याखालच्या अंधाऱ्या जागेत, पाच-सात लहान सायकली एकमेकींत अडकून उभ्या असतात. चाकांत हवा नाही, सीटवर धूळ, एखादीच्या हँडलला वाढदिवसाची रिबीन अजून लोंबते आहे. मुलांना सायकल घेऊन द्यायची आपल्याला हौस आहे. मात्र ती देताना पहिली अट असते, की फाटकाच्या बाहेर न्यायची नाही. मूल वर्षभर इमारतीभोवती गरगर फिरते, कंटाळते आणि सायकल जिन्याखाली जाते.

आईबापांना दोष तरी कसा द्यावा? फाटकाबाहेरचा रस्ता ते रोज पाहतात.

याच पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की रस्ताभर सायकलीच सायकली. चित्रपटगृहाला सायकलींचा वेगळा स्टँड, चौकाचौकात तासाच्या भाड्याने सायकल देणारे दुकान, पँट चेनमध्ये जाऊ नये म्हणून घोट्याला लावलेली क्लिप, आणि दिवा नाही किंवा डबल सीट आहे म्हणून अडवणारा पोलीस. या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. लोक सायकल चालवीत ते तब्येतीसाठी नव्हे. दुसरे काही परवडत नव्हते म्हणून. १९७२ साली बजाजची ‘चेतक’ आली, त्याच सुमारास लूना आली आणि ज्याला जमले त्याने सायकल सोडली. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेल्या माणसाला पायडल मारण्यात काही मोठेपण वाटत असेल, असे समजण्याचे कारण नाही. २०१८ मध्ये तर शहरात नोंदलेली वाहने लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्याच्या बातम्या आल्या.

आज सायकलस्वारांच्या दोन जाती दिसतात. एक रविवारी पहाटे झगझगीत कपडे, शिरस्त्राण आणि महागडी सायकल घेऊन सिंहगडाच्या दिशेने निघते आणि ऊन चढायच्या आत घरी येते. दुसरी रोज निघते. रात्रपाळीचा पहारेकरी, माळी, पेपर टाकणारा मुलगा, बांधकामावरचा गवंडी. पहिल्यांचे आपण कौतुक करतो आणि दुसऱ्यांना हॉर्न वाजवतो. २०११ च्या जनगणनेत देशातल्या सुमारे ४५ टक्के घरांत सायकल होती. म्हणजे हा मूठभर हौशी लोकांचा प्रश्न नव्हे.

प्रकृतीचा विचार केला तर दुसऱ्या जातीची रीतच अधिक शहाणपणाची ठरते. १९५३ साली जेरी मॉरिस या डॉक्टरांनी लंडनच्या बसचालकांची आणि कंडक्टरांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांत हृदयविकार अधिक, दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांत कमी. व्यायाम म्हणून कोणी काही करत नव्हते. कामाच्या ओघात अंग हलत होते, एवढेच. २०१७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या अडीच लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. सायकलने कामावर जाणाऱ्यांत अकाली मृत्यूचे प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी कमी आढळले. मुळात धडधाकट असलेलाच सायकल घेतो, हेही त्यात थोडे धरले पाहिजे. तरीही हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. ऑफिस तीन-चार किलोमीटरवर असेल, तर जाता-येता तो आपसूक होतो. व्यायामशाळेची फी वाचते, ती वेगळीच.

सायकलीला सर्व रोगांवरचे औषध मात्र ठरवू नये. सायकलवर शरीराचा भार सीटवर असल्याने गुडघ्यांना आराम मिळतो, पण त्याच कारणाने हाडांना चालण्याइतका लाभ होत नाही. आपल्याकडे दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडतात. पायडल अगदी खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला असावा. पान्याने दोन मिनिटांत होणारे काम आहे.

‘एवढ्या धुरात सायकल चालवायची?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये त्याचा हिशेब मांडला. दिल्लीसारख्या शहरातसुद्धा आठवड्याला पाच तासांपर्यंत सायकल चालवली, तरी धुराच्या अपायापेक्षा व्यायामाचा फायदा जड ठरतो. धुराची सबब इतकी मोठी नाही.

खरी भीती धडकेची आहे, आणि ती खोटी नाही. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार होते. अशा वेळी सगळी जबाबदारी सायकलवाल्याच्याच डोक्यावर, अक्षरशः शिरस्त्राणाच्या रूपाने, ठेवायची आपल्याला सवय आहे. शिरस्त्राण जरूर घालावे, दिवा आणि मागचा लाल परावर्तक तर हवाच. पण वळणाऱ्या डंपरपुढे शिरस्त्राणाचे काय चालणार?

हॉलंडला आपण जन्मजात सायकलवेडा देश समजतो. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथेही मोटारींनी रस्ते व्यापले. १९७१ साली त्या चिमुकल्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले. मुलांच्या हत्या थांबवा, हेच त्यांच्या चळवळीचे नाव होते. पुढे १९७३ चे तेलसंकट आले आणि सरकारलाही जाग आली. मुलांना फाटकाच्या आत कोंडण्याऐवजी मोटारींचा वेग बांधण्याचे त्यांनी ठरवले.

पुण्यात काहीच झाले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. सायकलमार्ग आखले गेले. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेने सायकल आराखडाही मंजूर केला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. जुन्या सायकलमार्गांवरून जाऊन पाहा. कुठे विजेची पेटी, कुठे वडापावची गाडी, कुठे उभी मोटार, आणि नेमक्या चौकाच्या तोंडाशी मार्गच संपलेला. जिथे त्याची खरी गरज तिथेच तो नाही. सलग नसलेला सायकलमार्ग म्हणजे अर्धा बांधलेला पूल. त्यावरून कोणी जात नाही म्हणून तो निरुपयोगी ठरवायचा, हा अजब न्याय.

रस्ता मोकळा मिळाला की काय होते, हे तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईने दाखवले आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या साक्षरता मोहिमेत जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी बायकांना सायकल शिकवण्याचा कार्यक्रम जोडला. सुरुवातीला टवाळी झाली. पण हजारो बायका शिकल्या. शेतमजूर, खाणकामगार, अंगणवाडीच्या सेविका. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषी सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांडीवर मूल बसवता येते. पाणी आणायला, बाजाराला, कामाला जायचे तर आता बसची किंवा नवऱ्याची वाट पाहायला नको. बिहारने २००६ पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुली वाढल्या. महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळतात. खेड्यातली आठवीची मुलगी पाच किलोमीटर सायकल मारत शाळेत जाते आणि शहरातला तिच्याच वयाचा मुलगा दीड किलोमीटरसाठी व्हॅनची वाट पाहत उभा राहतो. दोघांपैकी कोणाला आपला गाव अधिक ओळखीचा असेल?

सगळ्या शहराचे सायकलमार्ग एका वर्षात होणार नाहीत, हे उघड आहे. सुरुवात शाळांपासून करावी. शाळेभोवतीच्या एका किलोमीटरच्या रस्त्यांवर शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी वेगमर्यादा कडक पाळली जावी, फाटकापुढे मोटारी उभ्या करण्यास मनाई असावी, चौकात दोन तास माणूस असावा आणि आवारात सायकलींसाठी छप्पर असावे. यातल्या बहुतेक गोष्टींना मोठी निविदा काढावी लागत नाही. कदाचित म्हणूनच त्या मागे पडत असाव्यात. जूनमध्ये शाळा उघडली की पालकसभा होतेच. गणवेश आणि फीबरोबर हा विषयही तिथे निघावा, आणि पालकांच्या सह्यांचा अर्ज त्या आठवड्यातच वाहतूक शाखेत आणि वॉर्ड ऑफिसात जावा.