समुद्रगुप्ताची वीणा आणि आपला अभिमान

आपल्या संगीताच्या प्राचीनतेवर बोलावयास उभे राहणारे व्याख्याते दोन विधाने सहसा सोडीत नाहीत. पहिले असे की, आपली वीणा वेदकाळापासून आजतागायत अखंड व अविकृत चालत आलेली आहे. आणि दुसरे असे की, समुद्रगुप्तासारखा दिग्विजयी सम्राट हीच वीणा स्वतः वाजवीत असे व त्याची सुवर्णमुद्रा ह्या गोष्टीची साक्ष देते. श्रोत्यांस ही विधाने ऐकून समाधान वाटते आणि सभा आनंदाने विसर्जन पावते. परंतु ज्या नाण्याला साक्षीस बोलाविले त्याची उलटतपासणी करण्याची तसदी कोणी घेत नाही. घेतली तर साक्षीदार फिरतो. समुद्रगुप्त वीणा वाजवीत असे हे तो मान्य करील. पण ती वीणा आजची नव्हे, असेही तो शपथेवर सांगेल.

ही मुद्रा इसवी सनाच्या चौथ्या शतकातील. तीवर राजा मंचकावर निवांत बसलेला आहे, हाती शस्त्र नाही, आणि मांडीवर एक वाद्य आहे. ह्या वाद्याला भोपळे नाहीत, लांब दांडी नाही, पडदे नाहीत. खाली होडीच्या आकाराचे पोकळ पोट आहे. त्याच्या एका टोकापासून धनुष्यासारखी वाकलेली मान वर जाते, आणि मान व पोट ह्यांच्यामधील मोकळ्या जागेत तारा ताणलेल्या आहेत. ज्याला इंग्रजीत ‘हार्प’ म्हणतात त्या कुळातले हे वाद्य होय. समुद्रगुप्ताचा नातू पहिला कुमारगुप्त ह्यानेही ह्याच छापाची नाणी पाडली. प्रयागच्या स्तंभावर हरिषेणाने आपल्या धन्याच्या संगीतनैपुण्यापुढे तुंबरू व नारद ह्यांनाही लाज वाटावी असे लिहिले आहे. ते नैपुण्य ह्या वाद्यावरचे असले पाहिजे. कारण राजाने स्वतःच्या हाती तेच कोरवून घेतले.

एका नाण्यावरून इतका मोठा निष्कर्ष काढू नये असे कोणी म्हणेल, तर त्याने दगडांकडे जावे. त्यासाठी फार दूर जावयास नको. पुण्या-मुंबईच्या लोहमार्गावरील मळवलीपासून भाजे येथील लेणी हाकेच्या अंतरावर आहेत. इसवी सनापूर्वी खोदलेल्या तेथील विहारात ऐरावतावर बसलेल्या इंद्राचे म्हणून ओळखले जाणारे शिल्प आहे. त्याच्या खालच्या भागी एक छोटी राजसभा कोरलेली असून तीत नर्तिकेच्या साथीला हेच धनुष्याकृती वाद्य आहे. भारहूत पाहा, सांची पाहा, अमरावती पाहा. तेथेही ते भेटते. बुद्धाच्या दर्शनास निघालेल्या इंद्राबरोबर जो पंचशिख गंधर्व जातो, त्याच्याही हाती शिल्पकारांनी हेच दिले. ऐतरेय आरण्यकात मनुष्यदेहाची वीणेशी तुलना केलेली आहे. तीत वीणेवर केसाळ कातडे मढविलेले असे म्हटले आहे. कातड्याने मढविलेले पोट हे ह्या वाद्याचेच लक्षण. आनंद कुमारस्वामींनी हा सर्व पुरावा एकत्र करून प्राचीन वीणा म्हणजे हार्पच होय, हे अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात १९३० साली मांडले. तेव्हापासून ही गोष्ट पंडितांपुरती तरी गुप्त राहिलेली नाही. तरी आपल्या व्यासपीठांवर ती अजून पोहोचली नाही.

आपण मात्र हार्प म्हटले की विलायती नाट्यगृहातील मनुष्याहून उंच, सोनेरी मुलाम्याचे वाद्य किंवा नाताळच्या चित्रांतील देवदूत डोळ्यांपुढे आणतो. ४७ तारांचे व सात पायपट्ट्यांचे ते वाद्य अलीकडचे आहे. पॅरिसच्या सेबास्तियँ एरार ह्या कारागिराने त्याची आजची रचना १८१० साली सिद्ध केली. परंतु कूळ फार जुने. सुमेरांच्या ऊर नगरीतील राजकबरींत साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या हार्पचे अवशेष सापडले आहेत. बायबलाच्या मराठी भाषांतरकारांनी दाविदाच्या हाती ‘वीणा’ दिली, ह्याबद्दल त्यांची थट्टा करणारे विद्वान आम्ही पाहिले आहेत. मिशनऱ्यांस आमची वीणा काय ठाऊक, असा त्या थट्टेचा रोख असतो. वस्तुतः मोकळ्या तारांच्या वाद्याला वीणा म्हणण्यात भाषांतरकार प्राचीन अर्थाच्या अधिक जवळ होते आणि थट्टा करणारेच दूर होते.

आता हा नुसता नावाचा वाद आहे काय? तसे असते तर ह्या मासिकाची पाने त्यात खर्ची घालण्याचे कारण नव्हते. सतार किंवा रुद्रवीणा ह्यांत एका तारेवर अनेक स्वर निघतात. डाव्या हाताने तार पडद्यावर दाबली की स्वर बदलतो, तार खेचली की मींड निघते. हार्पमध्ये एक तार म्हणजे एक स्वर. जितके स्वर तितक्या तारा. आणि हव्या त्या स्वराची तार इतरांस धक्का न लावता उतरविता किंवा चढविता येते. भरताचे नाट्यशास्त्र हाती घेऊन हा भेद ध्यानात धरावा, म्हणजे त्यातील कित्येक दुर्बोध स्थळांवरचे धुके वितळू लागते. भरत चित्रा वीणा सात तारांची सांगतो व विपंची नऊ तारांची. सप्तकात स्वर सात. त्यात अंतर व काकली हे दोन मिळविले की नऊ. बाविस श्रुती सिद्ध करण्यासाठी तो दोन समान वीणा घ्यावयास सांगतो. एक अचल ठेवावयाची आणि दुसरीतील पंचम एका श्रुतीने उतरवून मग बाकीचे स्वर त्याच्या धोरणाने जुळवीत जावयाचे. हार्पवर हा प्रयोग एखादा मन लावून शिकणारा विद्यार्थी सहज करील. रुद्रवीणेवर एक तार उतरविली की तीवरचे सगळेच स्वर खाली येतात आणि प्रयोगाचा अर्थच नाहीसा होतो. मूर्च्छना म्हणजे तरी काय? त्याच तारांच्या ओळीत आरंभाचा स्वर बदलणे. हे सर्व हार्पवाल्याचे व्याकरण आहे.

श्रुतींच्या संख्येवर व मापांवर आपल्याकडे केवढा वाद माजला! सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी १९१० साली आपले श्रुतींवरील इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, क्लेमंट्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१३ साली आपले केले, आणि पुढे कित्येक वर्षे अपूर्णांकांच्या फैरी झडत राहिल्या. ह्या मंडळींच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदर आहे. परंतु भरत कोणत्या वाद्यासंबंधी बोलत आहे, हा पहिला प्रश्न शेवटी विचारण्याची सवय आपल्या चर्चेस लागली ती लागलीच. ज्याने नांगर कधी पाहिला नाही त्याने शेतीच्या ग्रंथावर भाष्य लिहावे, तसा हा प्रकार होय.

येथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. अमरावतीच्या शिल्पांत हार्पबरोबर सतारीच्या जातीची वाद्येही दिसतात. तेव्हा वीणा हा शब्द एकट्या हार्पचा कसा? तो तसा नव्हताच. तंतुवाद्यांस साधारणपणे वीणा म्हणत आणि त्यात अनेक जाती होत्या. आमचे म्हणणे इतकेच आहे की, राजाच्या मांडीवर, गंधर्वाच्या हाती आणि शास्त्रकाराच्या चिंतनात जिला अग्रस्थान होते ती वीणा हार्प होती, आणि ती आपल्या मैफलींतून नाहीशी झाली आहे. अखंडतेच्या घोषणेस एवढी एक खिंड पुरेशी आहे.

मग ती का नाहीशी झाली? ह्या प्रश्नाचे एक तयार उत्तर आपल्या खिशात नेहमी असते: परचक्र आले आणि आमच्या विद्या लोपल्या. ह्या उत्तराने आपले आळस आणि आपले पराक्रम दोन्ही झाकले जातात. शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला तो देवगिरीस, सिंघण यादवाच्या आश्रयाने, तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात. अल्लाउद्दीन देवगिरीवर चालून आला तो १२९६ च्या सुमारास. म्हणजे परचक्राच्या कितीतरी आधीचा हा ग्रंथ. त्यात चित्रा व विपंची ह्यांची नावे आहेत, श्रुतींसाठी बाविस तारांच्या दोन वीणाही आहेत. पण ग्रंथकाराचे खरे मन रमते ते एकतंत्रीच्या व पडद्यांच्या किन्नरीच्या वर्णनात. बदल झाला होता, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात, आपल्याच राजाच्या सभेत बसलेल्या पंडिताने नमूद करून ठेवला आहे. पुढे विजयनगरच्या रामामात्याने १५५० साली ‘स्वरमेलकलानिधी’ लिहिला, तो तर पडद्यांच्या वीणेवरच सर्व व्यवस्था उभारून.

ह्याचे कारण संगीताच्या आतच सापडते. षड्ज स्थिर झाला. एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत, झुलत जाण्यात, म्हणजे गमकांत व मींडेत, रागाचे सौंदर्य आहे असे आपल्या गवयांस वाटू लागले. हार्पची तार एकच स्वर बोलते. दोन स्वरांमधली वाट तिला ठाऊक नसते. तेव्हा कलावंतांनी ते वाद्य खाली ठेवले आणि जे वाद्य गळ्याची नक्कल करू शकेल ते उचलले. ही निवड होती, आणि ती अत्यंत धाडसाची निवड होती. ज्या वाद्याची नाणी पाडली गेली, देवगंधर्वांच्या हाती जे कोरले गेले, ते एका नव्या सौंदर्यासाठी सोडून देण्याची हिंमत आपल्या पूर्वजांनी दाखविली. ह्या हिमतीचा अभिमान बाळगावयाचा सोडून ‘आम्ही कधी बदललोच नाही’ ह्या कल्पनेचा अभिमान बाळगणे म्हणजे कर्तृत्ववान बापाची स्तुती करताना तो कधी घराबाहेर पडला नाही असे सांगण्यासारखे आहे.

ह्या खोट्या अभिमानाची किंमत आपण मोजलेली आहे. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली ती १९७१ पर्यंत चालली. आरोप काय होते? वाद्य परदेशी आहे, त्याचे स्वर स्थिर आहेत, त्यातून मींड निघत नाही. हार्मोनियमच्या पट्टीत श्रुतींची हानी होते हा आरोप आम्हांस मान्य आहे, आणि तो हार्पला लागू नाही, कारण तिची तार हव्या त्या श्रुतीत जुळविता येते. परंतु स्थिर स्वर हाच जर अहिंदीपणाचा पुरावा, तर न्यायाने प्रथम हद्दपार व्हावयास हवी ती भरताची चित्रा आणि समुद्रगुप्ताची वीणा! ज्यांनी इतिहास पाठ केला पण वाद्य पाहिले नाही, त्यांचा तर्क असा आपल्याच पूर्वजांवर उलटतो.

इतर लोकांनी काय केले तेही पाहावे. ब्रह्मदेशात ही धनुष्याकृती वीणा ‘सौंग’ ह्या नावाने आजही वाजते. तिला सोळा तारा असतात, पोटावर हरणाचे कातडे मढविलेले असते, आणि तिचे मूळ हिंदुस्थानात आहे असे संशोधक मानतात. तमिळांच्या जुन्या काव्यांतील ‘याळ’ हीही हार्पच. विपुलानंद स्वामींनी तिच्यावर ‘याळ नूल’ हा मोठा ग्रंथ रचून १९४७ साली प्रसिद्ध केला. आयर्लंडात १७९२ साली बेलफास्टला मोजके दहा आयरिश हार्पवादक जमविण्यात आले, त्यांतील कित्येक अंध. एडवर्ड बंटिंग ह्या एकोणीस वर्षांच्या तरुणाने त्यांच्या चिजा ऐकून लिहून घेतल्या. तेच वाद्य १९२८ साली आयर्लंडच्या नाण्यांवर आले. तेथे वाद्य आधी वाचविले आणि मग नाण्यावर कोरले. येथे नाण्यावर कोरलेले वाद्य ओळखीनासे झाले.

आणि ते येथूनही पुरते गेले होते असे नाही. मध्यप्रदेशातील मंडला भागातल्या परधानांकडे ‘बीन-बाजा’ नावाची पाच तारांची धनुष्याकृती हार्प असल्याचे रॉडरिक नाइट ह्या अमेरिकन अभ्यासकाने १९८५ साली प्रसिद्ध केले. परधान म्हणजे गोंडांच्या वंशावळी व कथा गाणारे भाट. म्हणजे ज्या वाद्याच्या नावाने आपण सम्राटांचा जयजयकार करतो, त्याचा सख्खा नातेवाईक एका आदिवासी भाटाच्या हाती होता, आणि त्याची ओळख करून द्यावयास समुद्रापलीकडचा मनुष्य यावा लागला. आपल्या संगीतपरिषदांच्या मांडवात प्राचीन परंपरेवर निबंध वाचले जात होते तेव्हा त्या भाटाला मांडवाच्या दारातही कोणी बोलाविले नाही. परंपरेवरील आपले प्रेम किती खरे आहे हे मोजावयाचे असेल तर माप हे.

मागणे मोठे नाही. शाळेच्या पुस्तकांत समुद्रगुप्ताच्या नाण्याखाली ‘वीणावादन करणारा राजा’ एवढेच न छापता ही वीणा हार्पच्या जातीची होती, असे एक वाक्य अधिक छापावे. भाज्याच्या लेण्यात त्या वादनाच्या शिल्पाजवळ दोन ओळींची पाटी असावी. आणि संगीत शिकविणाऱ्या एखाद्या विद्यालयाने, नाणे व शिल्प समोर ठेवून आणि ब्रह्मदेशातील कारागिरांचा सल्ला घेऊन, अशा दोन वीणा करवून घ्याव्यात. भरताने सांगितल्याप्रमाणे एक अचल ठेवावी, दुसरीतील पंचम उतरवावा, आणि विद्यार्थ्यांना कान देऊन ऐकू द्यावे. श्रुतींवरील पुढचे व्याख्यान त्यानंतर करावे.