मताची पावती नको

‘बँक फोनवर चालते, मग मतदान का नाही?’ निवडणूक जवळ आली की सातारा-सांगलीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणून ‘हो’ची अपेक्षा माझ्याकडून. माझं उत्तर ‘नको’ आहे.

विचारणाऱ्यांची अडचण खरी आहे. खानापूर-आटपाडीचे गलाईवाले सोनं-चांदी गाळायला देशभर पसरलेत. पाटण, माण, खटावची माणसं मुंबईत माथाडी काम करतात. एका मतासाठी त्यांचे दोन दिवस बुडतात. उमेदवाराने धाडलेल्या ट्रॅव्हल्समधून आलं, तर बटण दाबायच्या आधीच उपकार डोक्यावर बसतो. त्यात बिहारने २८ जून २०२५ला नगरपालिकांच्या निवडणुकीत मोबाइलवरून मतदान घेतलंय.

पण बँकेचं उदाहरण इथे चालत नाही. पाचशे रुपये पाठवले की कुणी, कुणाला, किती, सगळं नोंदलं जातं. घोळ झाला तर स्टेटमेंट दाखवून भांडता येतं. मताचं उलट आहे. मतदार कोण हे पक्कं कळायला हवं आणि त्याने कुणाला मत दिलं हे कुणालाच कळता कामा नये. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी ७ सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती हातात देत नाहीत, कारण मताची पावती मिळाली की मत विकता येतं आणि हिसकावताही येतं.

हॅकिंगचं क्षणभर सोडा. समजा, ॲप निर्दोष आहे. फोन हातात घेतलेल्या माणसाशेजारी कोण बसलंय, हे कुठलं ॲप ओळखणार? उसाला तोड कधी मिळणार हे ज्याच्या हातात आहे, तो दारात येऊन म्हणाला, ‘काकू, माझ्यासमोरच दाबा,’ तर? सुनेचा फोन सासऱ्यांनी मागितला तर? आज पैसे घेतलेला माणूसही पुठ्ठ्याच्या आडोशामागे मनाला येईल ते बटण दाबतो. तिथे मोबाइल नेऊ देत नाहीत. फोटोचा पुरावा तयार होऊ नये, हाही त्याचा फायदा. बूथमध्ये जी वस्तू चालत नाही, तिलाच बूथ करायचं?

बिहारमध्ये एका मोबाइल नंबरवरून दोन मतदारांना परवानगी होती. म्हणजे दुसऱ्याच्या फोनवरून मत देणं व्यवस्थेनेच गृहीत धरलं.

एस्टोनियाचा दाखला हटकून येतो. तिथे २००५पासून इंटरनेटवरून मतदान होतं. दबावाखाली दिलेलं मत नंतर बदलता येतं, केंद्रावर जाऊन कागदावरही देता येतं. आपल्याकडे दबाव टाकणाऱ्याला हा नियम कळायला किती वेळ लागेल? तो शेवटच्या तासाला येईल.

मग गलाईवाल्यांचं काय? निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३मध्ये राजकीय पक्षांपुढे दूरस्थ मतदान यंत्राचा प्रस्ताव ठेवला होता. एका यंत्रात ७२ मतदारसंघ, म्हणजे माणूस जिथे कामाला तिथेच बूथ. पक्षांनी विरोध केला आणि तो विषय बाजूला पडला. त्या यंत्रावरचे आक्षेप उघडपणे तपासा, दुरुस्त करा. पण आडोसा, अधिकारी आणि पक्षांचे प्रतिनिधी ठेवून मतदान त्या माणसापर्यंत न्या.

आपल्या भागात जमीन, पाणी, ऊस, कर्ज, नोकरी, सगळ्यात कुणाची तरी मर्जी सांभाळावी लागते. पाच वर्षांत एकदा, मिनिटभर, ती सांभाळावी लागत नाही. ॲप मागून तो मिनिट घालवू नका. बूथ मागा.